रीडरचा लुकलुकणारा दिवा

“अण्णा, ओपन आगवल्दु.”

मी आतल्या खोलीत अल्बमच्या कव्हरवर लॅमिनेशन चढवत होतो. आमच्याकडचा पोरगा बैलहोंगलचा. मराठी सगळं कळतं, बोलतोही झकास, पण घाबरला की कन्नडवर येतो. उघडत नाहीये, म्हणत होता. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. बाहेर आलो तर खानापूरकडचा आमचा नेहमीचा फोटोग्राफर काउंटरला टेकून उभा, हातात हेल्मेट, आणि स्क्रीनवर एकाखाली एक तीच ओळ: इनपुट/आउटपुट एरर.

कार्डं दोन होती. एकात हळदीचे फोटो, दुसऱ्यात अक्षतांचे. हळदीचं उतरवून झालं होतं, आता रीडरमध्ये अक्षतांचं होतं. फाइलींची नावं ओळीनं दिसत होती, पण कुठलीही उघडायला गेलं की एरर. मी दोन मिनिटं खटपट केली आणि जे बोलू नये ते बोललो: “कार्ड गेलंय हो.”

त्याचा चेहरा बघवेना. “आता काय करू? अक्षता परत घाला म्हणून सांगू व्हय पोरीच्या बापाला?”

मग पोरगा म्हणाला, शेवटचे पाच-सहा फोटो उघडतात की. उघडून बघितले. सगळे हळदीचे! अक्षतांच्या कार्डात हळदीचे फोटो कुठून आले? कार्ड काढून माझ्या जुन्या लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत घातलं. मंडप, मुंडावळ्या, अंतरपाट, मामा, सगळं जागच्या जागी. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते माझ्या मशीनला, आणि केलं होतं मीच.

फोटोग्राफरला बाय टू चहा पाजून वाटेला लावला. दुपारभर मग मी तेच खोदत बसलो. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण लिनक्सवर कार्डं आणि पेनड्राइव्ह हाताळणाऱ्या कुणाचाही इथं पाय घसरू शकतो.

आधी दुकानाची थोडी कथा. बेळगावच्या शहापुरात आमचं दुकान आहे: अल्बम डिझाइन, प्रिंट, झेरॉक्स. लग्नाच्या दिवसांत तालुक्यातून फोटोग्राफर येतात, शाळांचे सर येतात, भजनी मंडळं येतात, आणि प्रत्येकाच्या खिशात एक पेनड्राइव्ह असतो जो गावातल्या सगळ्या संगणकांचं पाणी पिऊन आलेला असतो. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणाऱ्या त्या व्हायरसनं एकदा माझी दोन मशीनं आडवी केली. तेव्हापासून बाहेरचं काहीही आधी डेबियन लिनक्सच्या एका मशीनवर उतरवायचं, मगच आत घ्यायचं. त्या मशीनसाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: कार्ड आलं की फक्त वाचण्यापुरतं माउंट करायचं (म्हणजे आतल्या फाइली दिसतील असं सिस्टिमला जोडायचं), तारखेचा फोल्डर करून सगळं उतरवायचं, झालं की बीप.

(कमांडची नावं इथं तोंडानं म्हणतो तशी लिहितोय. पोरालाही मी तोंडीच सांगतो, टाइप तो बरोबर करतो.)

आता मुद्दा. पेनड्राइव्ह घातला की काय होतं? ड्राइव्ह आपल्या आतल्या रोधकानं यूएसबीच्या डेटाच्या तारेवर व्होल्टेज चढवतो, हबला ते कळतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला विचारपूस करून एसडीबी, एसडीसी असं नाव देतो आणि “ॲड” अशी हाक मारतो. ही हाक यूडेव्ह, म्हणजे नव्या वस्तूंची व्यवस्था बघणारा प्रोग्रॅम, ऐकतं. पुढचं सगळं, म्हणजे नाव, लेबल, फाइल सिस्टिम ओळखणं, माउंट करणं, त्या हाकेवर चालतं. पाहुणा दारात येऊन कडी वाजवतो, तसं.

कार्ड रीडरचं तसं नाही. यूएसबीला लागलेला असतो तो रीडर. कर्नलच्या लेखी रीडर हाच ड्राइव्ह. तो एकदा लावला की एसडीसी तयार झाला, मग त्यात कार्ड असो नसो. रिकाम्या रीडरच्या एसडीसीचा आकार शून्य. कर्नल आपली माहिती मांडतो त्या सिस फोल्डरात ब्लॉक, त्यात एसडीसी, त्यात साइझ नावाची फाइल वाचली की सरळ ० दिसतो. एलएसबीएलके ही कमांड शून्य आकाराचे ड्राइव्ह मुळात दाखवतच नाही, मागं “वजा ए” लावावं लागतं. माझ्याकडं चार खाचांचा एक रीडर होता, तो लावला की एसडीबीपासून एसडीईपर्यंत चार भुतं तयार व्हायची, चारही रिकामी.

कार्ड खाचेत सरकवलं तर नवीन यूएसबी वस्तू काही आलेली नाही. कडी वाजत नाही. मग कळणार कसं? विचारून. कर्नल थोड्या थोड्या वेळानं रीडरला विचारतो: तयार आहेस का? रीडर सांगतो, माध्यम नाही. पुन्हा विचारतो. एकदा उत्तर बदलतं: लक्ष द्या, माध्यम बदललं असावं. तेव्हा कर्नल हाक मारतो, पण ती “ॲड”ची नसते, “चेंज”ची असते, आणि सोबत डिस्क मीडिया चेंज बरोबर १ अशी खूण.

माझे बाबा वडगावात माग चालवायचे. बाणा तुटला की माग खटकन आपला आपण थांबायचा, तिथं एक फोर्क असतो धागा चाचपणारा. पण धोट्यातली कांडी संपत आलीय का, हे बाबांना दर थोड्या वेळानं वाकून बघावं लागायचं. कांडी स्वतः काही सांगायची नाही. पेनड्राइव्ह म्हणजे तुटलेला बाणा. रीडरमधलं कार्ड म्हणजे कांडी. (बारकाईनं बघितलं तर यूएसबीत हबलासुद्धा होस्टच सारखा विचारत असतो, पण ते आपल्या डोळ्याआड चालतं.) लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेची गोष्ट आणखी वेगळी. तिथं बहुतेक वेळा कार्ड आत आलं की दाबला जाणारा खरा स्विच असतो, आणि कार्डाबरोबर अख्खं एमएमसीबीएलके शून्य हे नावच येतं नि जातं. म्हणून त्या दिवशी लॅपटॉपवर सगळं सरळ झालं.

हे विचारणं पूर्वी कर्नलच्या बाहेरचे प्रोग्रॅम करायचे, दर दोन सेकंदांनी ड्राइव्ह उघडून बघायचे. सीडीचा जमाना होता तेव्हाची ही पद्धत. मार्च २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ पासून कर्नल स्वतः विचारू शकतो. प्रत्येक ड्राइव्हच्या सिस फोल्डरात इव्हेंट्स पोल एमसेक्स नावाची फाइल असते. त्यात उणे १ असेल तर सगळ्यांसाठी ठरलेला वेळ, ० असेल तर विचारायचंच नाही, आणि दुसरा आकडा असेल तर तितक्या मिलिसेकंदांनी. सगळ्यांसाठीचा आकडा कर्नलमध्ये मुळात ०, पण यूडेव्हचा एक नियम बूट होताना तो २००० करतो. म्हणजे दोन सेकंद.

मी त्या दुपारी ती फाइल वाचली. ०.

आणि मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी हा रीडर आणला तेव्हा त्याचा निळा दिवा दर दोन सेकंदांनी लुकलुकायचा. रात्री अल्बमचं काम करताना डोळ्याच्या कोपऱ्यात सारखं लुक, लुक. वैतागून मी एक यूडेव्ह नियम लिहिला: हा रीडर आला की पोल ०. दिवा शांत. मी खूश. विसरूनही गेलो.

मग दोन वर्षं काम चाललं कसं? कारण मी स्वतः दर कार्डाला रीडरच उपटायचो. कार्ड बदल, रीडर परत लाव. रीडर परत लावला की “ॲड” व्हायचं, स्क्रिप्ट “ॲड”च ऐकायची, सगळं गोड. ही सवय मी पोराला सांगितलीच नाही, कारण ती सवय आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यानं कुणीही शहाणा माणूस करेल तेच केलं: बीप झाला, पहिलं कार्ड काढलं, दुसरं घातलं.

कर्नलनं विचारलं नाही म्हणून त्याला पत्ता नाही. पहिल्या कार्डाचं माउंट तसंच. डिरेक्टरी मेमरीत होती म्हणून नावं दिसली, हळदीच्या कार्डाची. शेवटी उतरवलेल्या फोटोंचा डेटाही मेमरीत होता, म्हणून तेवढे उघडले. मेमरीत नसलेलं काही मागितलं तेव्हा कर्नल रीडरकडं गेला, रीडर म्हणाला माध्यम बदललंय, आणि तिथून पुढं कर्नलनं त्या ड्राइव्हचं काहीही वाचायला नकार दिला. सोर्समध्ये त्या जागी असलेल्या टिपणीचा अर्थच असा आहे की डिस्क बदलल्याचं दिसलं, आता गुपचूप नकार द्यायचा. त्या गुपचूप नकाराला मी “कार्ड गेलंय” म्हणालो.

खरं तर त्याचे आभारच मानायला हवेत. माउंट लिहिण्यासाठी असतं आणि रीडरनं बदलाची खबर दिली नसती, तर हळदीच्या कार्डाचं फॅट टेबल (कुठली फाइल कुठं आहे याची नोंद) अक्षतांच्या कार्डावर जाऊन बसलं असतं. मग खरोखरच अक्षता परत घालाव्या लागल्या असत्या.

नियम काढला, पोल परत दोन सेकंदांवर. पण तेवढ्यानं भागत नव्हतं, स्क्रिप्टला “चेंज” कळतच नव्हतं. पोराला शेजारी बसवून या हाका दाखवणारा यूडेव्हॲडम मॉनिटर लावला आणि म्हटलं, घाल कार्ड. आधी कर्नलची ओळ: चेंज, एसडीसी. पाठोपाठ: ॲड, एसडीसी१, म्हणजे कार्डावरचं पहिलं पार्टिशन, आखलेला तुकडा. मग त्याच दोन ओळी यूडेव्हच्या नावानं. “बंतु,” पोरगा म्हणाला, म्हणजे आलं. काढ. चेंज एसडीसी, रिमूव्ह एसडीसी१. पाच-सहा वेळा काढघाल केली, मजा वाटायला लागली त्याला.

यात एक गंमत आहे जी मला बऱ्याच उशिरा कळली. माध्यम बदलल्याचं कळलं म्हणून कर्नल लगेच पार्टिशन वाचत नाही. कुणीतरी तो ड्राइव्ह उघडला की वाचतो. “चेंज” ऐकून यूडेव्ह आत काय आहे बघायला ड्राइव्ह उघडतं, आणि त्या उघडण्यामुळं पार्टिशन जन्माला येतं. यूडेव्ह नसलेल्या छोट्या बोर्डांवर कार्ड बदलूनही एसडीए१ येईना झालं तर बहुतेक हेच असतं.

तेव्हा स्क्रिप्टनं ड्राइव्हकडं बघायचंच नाही. नवा नियम असा: यूएसबीवरचं ब्लॉक डिव्हाइस (ड्राइव्ह किंवा पार्टिशन), ॲड किंवा चेंज, आणि यूडेव्हनं आयडी एफएस यूसेज समोर फाइलसिस्टिम लिहिलंय. तरच कामाला लागायचं. नवं कार्ड की जुनंच, हे लेबलावरून ठरवण्यात अर्थ नाही. कॅननवाल्यांच्या सगळ्या कार्डांचं लेबल ईओएस डिजिटल, आत डीसीआयएम, त्यात १००कॅनन, त्यात आयएमजी ०००१. दोन फोटोग्राफरांची नावं हमखास एकमेकांवर पडतात. त्यासाठी ५.१५ पासून कर्नलनं डिस्कसीक नावाचा आकडा दिलाय, सिस फोल्डरात ड्राइव्हखालीच. नवी डिस्क आली किंवा माध्यम बदललं की तो वाढतो, मशीन बंद होईपर्यंत मागं येत नाही. माझा प्रत्येक फोल्डर आता तारीख आणि हा आकडा घेऊन तयार होतो. तेच कार्ड काढून परत घातलं तरी आकडा नवा. चालेल. दोनदा उतरलेलं परवडतं.

आधी मी उतरवण्याचं कामही यूडेव्हच्या नियमातल्या रन खालीच टाकलं होतं. छोटी कार्डं उतरायची, मोठी बरोबर तीन मिनिटांनी मरायची. कितीतरी दिवस मी केबल बदलत बसलो. यूडेव्ह एका घटनेला १८० सेकंद देतं, मग मारून टाकतं. शिवाय तिथून केलेलं माउंट त्याच्या स्वतःच्या खोलीतच राहतं, बाहेरच्यांना दिसत नाही. यूडेव्हनं फक्त निरोप द्यायचा, काम सिस्टिमडीच्या (मशीनवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिसनं करायचं. नियमात सिस्टिमडी हा टॅग आणि सिस्टिमडी वॉन्ट्स समोर सर्व्हिसचं नाव. इतकंच.

पार्टिशनचं मात्र वेगळंच प्रकरण असतं. येळ्ळूरच्या एका भजनी मंडळाचे काका पेनड्राइव्ह घेऊन आले. “ह्यात भजनं भरून दे की रे. आमचा स्पीकर ह्याला वळखंना झालाय.” १६ जीबीचा ड्राइव्ह, त्यांच्या संगणकावर जेमतेम काही एमबीचा दिसत होता. त्यांच्या पुतण्यानं कधीतरी त्यावर लिनक्स बसवायची आयएसओ (अख्ख्या सीडीची एक फाइल) उतरवली होती. तसल्या आयएसओ दुतोंडी असतात: एकीकडून सीडी, एकीकडून पार्टिशन असलेली डिस्क. विंडोजला सीडीचं तोंड कळत नाही, त्याला दिसतं ते कडेचं एक चिमुकलं बूटचं पार्टिशन. देवळातल्या स्पीकरला यातलं काहीच कळत नाही. त्याला एक एमबीआर (जुन्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता), एक फॅट३२, आत एमपी३ एवढंच माहीत.

वाइपएफएसनं जुन्या खुणा पुसल्या, एफडिस्कनं नवा तक्ता लिहिला. शेवटी तक्रार: डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी, जुनाच तक्ता वापरात राहील. कारण मी बघायच्या आत डेस्कटॉपनं त्यातलं जुनं पार्टिशन माउंट करून ठेवलं होतं. एकही पार्टिशन वापरात असलं तर कर्नल अख्खा तक्ता परत वाचत नाही, आणि ते बरोबरच आहे, पायाखालची सतरंजी कुणी ओढू देईल का? पण पेनड्राइव्हवर नवा तक्ता आणि कर्नलच्या डोक्यात जुना अशा अवस्थेत जो फॉरमॅट मारतो तो चुकीच्या जागी मारतो. अनमाउंट केलं, तक्ता परत वाचायला लावणारं पार्टप्रोब चालवलं, प्रॉक खालच्या पार्टिशन्स फाइलीत नवा आकार आला का बघितलं, मगच फॉरमॅट.

काकांना खोळंबून राहायचं होतंच, म्हणून त्यांना पेनड्राइव्हचा पहिला सेक्टर हेक्सडंपमध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत मांडून, दाखवला. ५१२ बाइट. ४४६ व्या बाइटपासून १६-१६ बाइटच्या चार ओळी, चार पार्टिशनांच्या. शेवटी ५५ आणि एए ही सही. काकांनी चष्मा वर करून बघितलं. “म्हंजे सातबारा की,” ते म्हणाले. चार गटांचा उतारा, खाली तलाठ्याची सही. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

फक्त या उताऱ्यात एक फसगत आहे. पार्टिशन तक्ताच नसलेले, थेट फॅट घातलेले पेनड्राइव्हही असतात, शाळांकडून बरेच येतात. त्या फॅटच्या पहिल्या सेक्टरच्या शेवटीही ५५ आणि एए हेच असतं. सही एकच, कागद वेगळा. म्हणून कर्नल सहीवर विसंबत नाही. चारही ओळींचा पहिला बाइट ०० किंवा ८० आहे का बघतो, नसेल तर हा तक्ता नव्हे म्हणून सोडून देतो. माझी जुनी स्क्रिप्ट डोळे झाकून एसडीबी१ शोधायची, आणि असल्या ड्राइव्हांना “रिकामा आहे सर” म्हणून परत पाठवायची. किती सरांना परत पाठवलं असेल कुणास ठाऊक.

रिमूव्हेबल ही खूणही मनावर घेऊ नये. एलएसबीएलके आरएमच्या रकान्यात १ किंवा ० दाखवतं, पण तो ड्राइव्हनं स्वतःबद्दल केलेला दावा असतो. यूएसबी हार्डडिस्क बहुतेक वेळा ० सांगतात, काही पेनड्राइव्हही सांगतात. बाहेरून लावलेलं काय हे बघायचं तर हॉटप्लग आणि ट्रान हे रकाने मागवावेत.

दोन आठवड्यांनी खानापूरचा फोटोग्राफर परत आला. या वेळी तीन कार्डं. तिन्ही त्यानं पोराच्या हातात न देता काउंटरवर ओळीत मांडली, आणि रीडरकडं बोट दाखवून विचारलं, “हे काय चिकटवलंय?”

काळी इन्सुलेशन टेप. दिवा परत लुकलुकायला लागला होता ना.